परतीची नळी

डुलूथ. उणे एकोणीस.
डेल कोस्कीच्या गॅरेजात साखळीला टांगलेलं इंजिन
हळूच गिरकी घेतं, खाटकाकडच्या बोकडासारखं.

चार सिलिंडरचं डिझेल. गारठ्याच्या ट्रेलरच्या कपाळावर बसून
अकरा वर्षं ते देश हिंडलं,
इकडची मासळी तिकडे, तिकडची संत्री इकडे,
आणि एवढ्या मैलांत
एकही चाक त्यानं स्वतः फिरवलं नाही.
नुसतं दुसऱ्याचं गार ठेवलं.

"हे आता माझ्या रेंजरमध्ये," डेल म्हणाला,
घरात सून आणतोय अशा तोऱ्यात.
चौऱ्याऐंशीची ती छोटी पिकअप, दारं गंजानं कुरतडलेली.
तिचं पेट्रोलचं इंजिन कोपऱ्यात, वर मांजर.
लोरेन खिडकीतून एवढंच म्हणाली, "अजून एक."

मला बोलावलं ते पट्टीसाठी.
इंजिनची भोकं एकीकडे, गिअरबॉक्सची भलतीकडे,
मधे ॲल्युमिनियमची जाड पट्टी हवी
दोघांशीही जमवून घेणारी.

आयटीआय, औंध. टर्नर. एकतीस मुलगे आणि मी.
आठ वर्षं सातपूरला लेथवर,
केसांत कायम लोखंडाचा कीस.
मग लग्न, मग नवऱ्याच्या व्हिशाला जोडलेला माझा व्हिसा,
काम करण्यास मनाई.
टोलेडो, ओमाहा, डुलूथ. नऊ हिवाळे.
डेलला यातलं काही ठाऊक नव्हतं.
त्यानं फक्त पाहिलं होतं, मागे एकदा,
की त्याचं व्हर्निअर हातात घेतल्यावर
मी आधी जबडे मिटून शून्य तपासलं.

पैशाचं बोलणं नव्हतं,
त्यामुळे कायद्याचीही हरकत नसावी.

पट्टी बसली. पहिल्या फटक्यात नाही,
तिसऱ्या.
मग तेलाचं भांडं खालच्या आडव्या दांडीला लागलं.
"दोन सूत," मी म्हटलं.
"टू व्हॉट?"
मी बोटांत अंतर धरून दाखवलं.
त्यानं दांडी कापली, वाकवली, परत जोडली,
आणि तेव्हापासून त्या गॅरेजात
सगळंच सुतात मोजलं जाऊ लागलं, लोरेनचा केकसुद्धा.

जुन्या इंजिनला एक नळी पुरायची.
टाकीतून ये, जळ, संप.
डिझेलचं तसं नाही.
पंप नेहमी जास्तच पाठवतो,
जळेल तेवढं जळतं,
उरलेलं, जरा गरम होऊन, परत टाकीत.
पाठीवर पडून डेलनं विचारलं,
"टाकीला दुसरं भोक कुठे पाडू?"
"वरून," मी म्हटलं. आणि थोडा वेळ
पाना कुठे ठेवला तेच आठवेना.

फेब्रुवारीतला रविवार.
किल्ली अर्धी फिरवून ग्लो प्लग तापेपर्यंत थांबायचं.
डेल इंग्रजीत मोजत होता, मी मराठीत,
वीसला तो आधी पोचला.

एक सिलिंडर खोकला. मग दुसरा.
मग पांढरा धूर, मांजर पसार,
आणि तो वास, ते पुक पुक पुक,
माझा पत्र्याचा डबा गिरणीपुढच्या रांगेत,
आई ओरडतेय मागून,
"सांग त्याला, ज्वारीवर गहू टाकू नको म्हणावं!"

ताल तोच नव्हता. गिरणीचं एकच सिलिंडर होतं.
मला चालला.

डेल उठून पलीकडच्या सीटवर सरकला.
"तू," म्हणाला.
तळ्याकाठचा रस्ता, दुतर्फा बर्फाचे ढिगारे,
पहिला, दुसरा, तिसऱ्याला जरा कुरकुर,
आणि चौथ्यात, चढावर,
ताशी चाळीस मैल, त्याहून एक काटा पुढे नाही.

आरशात सहा गाड्या. सातव्यानं हॉर्न दिला.
डेलनं काच खाली केली, हात बाहेर काढला
आणि दोन बोटांत अंतर धरून
मागच्या सगळ्यांना दाखवलं:
दोन सूत. थांबा.