खाच

आमच्या दुकानात तीन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची:
देव घेऊन येणारी,
मेलेल्यांचे फोटो घेऊन येणारी,
आणि खियलदास.

वेंगुर्ल्याने ते नाव घासून घासून ख्याली केलं.
अठ्ठेचाळीस साली आगबोटीतून उतरला,
वळकटीत कुंचले, तोंडात मराठीचे दोन शब्द:
'किती' आणि 'नको'.
पोटासाठी होड्यांच्या नाळेवर नावं रंगवायचा.
आधी नुसती आकृती गिरवायचा,
सातेरीप्रसाद, स्टेलामारिस,
अक्षर पुढे कधीतरी कळायचं.

उरलेल्या रंगात दर्या काढायचा.
पण त्याचा दर्या गढूळ, सपाट, संथ,
आणि वर, आभाळाखाली,
दर वेळी एक काठ. भुऱ्या वाळूचा.
एकदा तर त्यावर उंट.

धक्क्यावरचे तांडेल हसायचे,
"रे ख्याली, दर्याक पलतड खंयची?"
तो मान हलवायचा आणि काठ काढायचा.
रोझालिन पाटी उतरवून बघत राहिली एक दिवस.
म्हणाली, "हो दर्यो न्हय. ही न्हंय."
त्याला दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले.
समजावल्यावर मात्र त्या दिवशी त्याने काम केलं नाही.
बांगड्यांच्या उधारीपोटी ते चित्र तिलाच दिलं.
तिने खुराड्याच्या दारावर ठोकलं, पाणी आत येऊ नये म्हणून.
आलं नाही.

हिरवा त्याला बरीच वर्षं जमला नाही.
"आमच्याकडे हिरवा पाहुणा," तो बाबांना सांगायचा,
"दोन दिवस येतो, त्याला सतरंजी घालतात.
इथे तर तो चुलीवर चढून बसलाय."
मग ट्यूबा परवडेनात, तेव्हा त्याने जांभा ठेचला,
जवसाच्या तेलात खलला.
त्या सालातली चित्रं मी उचलायचो
तेव्हा हात तांबडे व्हायचे,
आणि आई म्हणायची, हात धू, मग जेव.

एका श्रावणात कॅनव्हासला बुरशी धरली.
फडकं घेऊन बसला, थोडं पुसलं, थांबला.
"माझ्यापेक्षा बरं काढतेय ही," म्हणाला.
तिथून त्याची झाडं बदलली,
कडा सुटल्या, माड आणि माडाची सावली
वेगळी काढणं त्याने सोडून दिलं.
काठ बारीक होत गेला.
आधी बोटाएवढा, मग सुतळीएवढा,
मग केस.
सहीसुद्धा उजवीकडून निघायची ती
डावीकडून निघायला लागली:
ख्याली, होडीवरच्या अक्षरात, जाड, वाऱ्याला पुरेल अशी.

मोतीबिंदू काढून सावंतवाडीहून परतला
तो आठवडाभर निळ्यावर रुसून बसला होता.
"इतका होता? आणि कोणी सांगितलं नाही?"

शेवटचं चित्र मीच चौकटीत बसवलं.
बाबा तेव्हा नुसते बाकावर बसायचे, फणसाची फळी हुंगून
जुनी की नवी ते सांगायचे.
चित्रात आभाळ नाही, होडी नाही, काठ नाही,
खालपासून वरपर्यंत पाणी.
तांडेलांना आवडलं.
"आता कसो दर्या काढलंस," ते म्हणाले.
ख्याली म्हणाला, "किती?"
मी म्हणालो, "नको."
आमच्यात तेवढा जुना विनोद होता.

तो गेल्याला अकरा वर्षं झाली.
परवा चौकटीला वाळवी लागलेली दिसली
म्हणून खिळे काढले.

चौकटीच्या आतल्या अंगाला खाच असते.
चित्राची कड तिच्यात जाते, पाव इंच,
चारी बाजूंनी. तेवढं चित्र कोणी बघत नाही.
हे चौकट करणाऱ्याला ठाऊक असतं
आणि ज्याने आयुष्यभर चौकटी करून घेतल्या त्याला.

वरच्या पाव इंचात,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
भुरी वाळू.
भिंग घेऊन बघितलं: एके ठिकाणी ठिपका आहे.
उंट असेल. वाळवीची घाणही असेल.

दुपारभर ते चित्र बाकावर उघडं पडलं होतं.
रोझालिनची नात छत्री दुरुस्तीला आली, बघून गेली,
काही बोलली नाही.

संध्याकाळी नवी फळी घेतली, फणसाचीच.
रंधा मारला.
खाच पाव इंचाची ठेवली.