पोळं

शारजा, सनाया नंबर दहा.
सावलीतसुद्धा पाना हातात धरवत नाही.

जैनुद्दीन परकार पिकअपखाली सरपटतो
नि सायलेन्सरच्या अलीकडचं पोळं उपसून काढतो:
चिनीमातीचं, सुईच्या टोकाएवढ्या घरांचं,
काजळीनं बुजलेलं.
मध कसला, माशीही नाही.

अरबाब म्हणतो, नवं कशाला?
पोकळ नळी जोड, तपासणीचं तपासणीला बघू.

तसं त्यानं केलंय पूर्वी.
चाळीस-पन्नास गाड्या तरी असतील.
त्या फिरतायत अजून, शाळेच्या बसमागून,
त्याच्या खोलीच्या खिडकीखालून,
जिथे सहाजण आळीपाळीने खोकतात.

तो पांढरं फडकं घेतो,
चालू इंजिनाच्या नळीपाशी धरतो, वीस आकडे मोजतो.
मग पुढे करतो:
"अरबाब, ह्यानं तोंड पुसाल?"

अरबाब हसतो.
मग किंमत विचारतो.
घासाघीस. चहा. पुन्हा घासाघीस.

दिवेलागणीला नवं पोळं बसतं.
दुसरं फडकं वीस आकड्यांनंतर
पांढरं नाही, पण पांढऱ्याच्या गावचं.

जैनुद्दीन बाहेर येऊन नाक शिंकरतो.
त्यातून मात्र अजून निघतात
त्या चाळीस-पन्नास गाड्या.