एका छर्‍याची जागा

शुक्रवारी माग बंद असतात,
म्हणून ऐकू आला.
टक.
विडी घरकुलाच्या वळणावर, स्पीडब्रेकर उतरताना,
हँडलच्या मुळातून,
दाढ हलावी तसा.
बाकीचे सहा दिवसही वाजत असणारच,
पण आमच्या गल्लीत सहा दिवस
कोण कुणाचं ऐकतं?

नायनाला सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं.
एकतीस वर्षं चादरीच्या मागावर,
उजवा कान कारखान्यातच राहिलेला, डावा थोडा घरी येतो.
"रियाजकडे टाकू का? साठ रुपये घेईल."
"साठ?"
हे मात्र नीट ऐकू आलं.

मग पाने निघाले. एक घरचा,
एक जॉबरकडून आणलेला, परत न गेलेला.
वरचा नट, वायसर, कप,
आणि काकवीसारखं काळं ग्रीस.
छर्रे डिझेलच्या वाटीत.
एक टुणकन अम्माच्या सुपात गेला, पानांवर;
विडी वळता वळता, वर न बघता
तिनं तो तंबाखूतून वेचून दिला.

मोजले. एकवीस खाली, एकवीस वर.
बसवले तर कपात फट.
अजून एक मावतोय!
मोरीत बॅटरी मारली, चपला झटकल्या,
अनसव्वाच्या कोंबड्यांकडेही जरा संशयानं पाहिलं.
नायना बिडी संपेपर्यंत गंमत बघत बसला.
"एकाची जागा सोडायची असती बे.
गच्च भरलास तर फिरणार कोण?"

मी आवळलं ते फारच.
हँडल वळेना, वळलं तर अर्ध्यात रुसून बसे.
सोडलं, तर पुन्हा टक.
वरचा आवळताना खालचा धरून ठेवायचा,
नाहीतर दोघं मिळून फिरतात,
हे तिसऱ्यांदा कळलं.
पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवत
मी कान लावला.
"कान काढ. बोट ठेव."

त्याचं बोट सांध्यावर.
सुतानं चिरत चिरत गेलेलं,
पेरावर बारीक रेघा, फणीच्या दातांसारख्या.
"आहे अजून."
माझ्या बोटाला काहीच लागलं नाही.
पाव वळसा. त्याहून कमी.
"आता बघ."
पुढचं चाक उचललं तर हँडल आपोआप
डावीकडे कललं,
झोपलेल्या पोराची मान कलते तसं.

चार दिवसांआड, रात्री दोनला नळ येतो.
अम्मा त्याला कधीच हाक मारत नाही.
तळपायाला नुसतं बोट लावते,
आणि तो उठून घागरी लावायला जातो.
इतकी वर्षं बघतोय मी हे.

संध्याकाळी कन्ना चौकापर्यंत जाऊन आलो.
खड्डे मुद्दाम घेतले. टक नाही.
येताना मात्र
मागचं मडगार्ड वाजतंय असं वाटलं,
बारीक, सतत.

नायनाला सांगितलं नाही अजून.
उद्या माग सुरू होतील.