दिवस सहावा, बारी

टिळक रोडला, फ्रेमवाल्याच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल.
सतरा वर्षं मी इटली विकते,
गेलेली नाही.
पण नकाशातली ती बुटाची टाच मला पाठ आहे:
कुठे बस लांब थांबते, कुठे गुडघ्यांना उतार नडतो,
कुठे स्वच्छतागृहाबाहेर बाई बसते
आणि सुटे नसतील तर ऐकत नाही.

"आल्बेरोबेल्लोत नक्की बघायचं काय?"
अष्टपुत्रे विचारतात. चष्मा कपाळावर, वही उघडी.
घरं, मी सांगते.
जोडायला चुना नाही, सिमेंट नाही,
दगडावर दगड चढवत नेलेली छपरं.
गावभर कुणी नरसाळी पालथी घालून
घ्यायला विसरलं, तशी.
"गळत नाहीत?"
नाही म्हणतात.
"आमच्या सोसायटीत सिमेंट असून गळतं,"
आणि हे ते वहीत लिहून घेतात.

ओस्तुनी इतकं पांढरं की गॉगल न्यावा.
पोलिन्यानोला कड्याच्या टोकावर घरं,
खाली पाणी, गटातल्या आजोबांना काठाशी सोडू नये.
बुर्राता म्हणजे, कसं सांगू,
चक्क्याची पुरचुंडी समजा, पण आत साय;
सुरी लागली की ताटभर पळते.
आणि ताराल्ली?
कडबोळी हो, सरळ कडबोळी.
मोहन ऑलिव्हच्या तेलाचं.
पीठ वाइनमध्ये भिजवतात
हे मी उपासतापासवाल्यांना
विचारल्याशिवाय सांगत नाही.

मार्चात भाचीचं लग्न निघालं.
रुखवतासाठी धायरीहून इंदूताई पायगुडे आल्या,
चटईवर परात घेऊन बसल्या.
चिमटीतून गव्हले सुटत होते,
बोलता बोलता, न बघता,
टीव्हीवरची बाई रडत होती तिकडे मान,
बोटं इकडे.
मग मालत्या. मग नखुले,
प्रत्येकावर नखाची एकच कोर.

मी म्हटलं, थांबा, गंमत दाखवते.
फोनवर बारीची गल्ली लावली:
कमानीखाली दारोदार पाट मांडून बसलेल्या बायका,
काळे झगे, सुजलेले घोटे,
पिठाची वळी, सुरीची बोथट बाजू,
ओढ, आणि अंगठ्यावर उलट.
एक कान तयार.
कडेने परदेशी माणसं फोन धरून उभी.

इंदूताईंनी हात पुसले. तीनदा पाहिलं.
"रवा आहे."
हो.
"आपण नख मारतो, ती अंगठा पालथा घालते."
घरातली बोथट सुरी मागितली.
पहिला फाटला. दुसरा सुरीलाच चिकटला.
नंतरचे मी मोजले नाहीत,
केव्हातरी परातीच्या काठावर
तो एक कान दिसला, वाटीदार, बाहेरून खरबरीत.
त्यांनी तो उजेडाकडे धरला.
"यात आमटी छान थांबेल."

मग विचारलं, "किलोला काय देतात तिला?"

मला विमानाचं भाडं माहीत होतं,
व्हिसाची फी, हॉटेलातल्या जादा खाटेचे पैसे,
मे महिन्यात कुठला दर किती वाढतो.
हे माहीत नव्हतं.
चौकशी करते, म्हटलं.
"कर. आणि हे पंख्याखाली ठेवू नकोस, तडकतात."

दुसऱ्या दिवशी माहितीपत्रकात
दिवस सहावा, बारी, याखाली
'मोकळा वेळ, खरेदी' च्या पुढे
मी एक ओळ वाढवली:
गल्लीतल्या बायकांचे फोटो विचारून काढावेत, त्या कामात असतात.

साहेबांनी खोडली. जागा नाही म्हणाले.
मी 'छत्री सोबत ठेवावी' काढून टाकलं
आणि परत घातली.

अष्टपुत्र्यांनी ती मोठ्याने वाचली.
"विचारायचं कुठल्या भाषेत?"

तो कान अजून माझ्या खणात आहे,
स्टेपलरच्या पिनांच्या डबीत,
कडक वाळलेला.