आंबण्याआधी

वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
कागद मिनिटाला एक सेंटीमीटर सरकतो.
वरची रेघ बाळाची, खालची कळांची,
मी दोन्हींच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेली.

ऊर्मिला गिरप, पहिलटकरीण, चाळीस आठवडे.
पट्ट्याखाली पोट ताठतं, सैल होतं.
एकशे चाळीस. एकशे सत्तेचाळीस. एकशे अडतीस.
असं डुगडुगत राहावं ठोक्यांनी.
बांधलेली होडीही हलते,
हलत नाही ती फक्त रेतीत रुतलेली.

पावणेतीनला रेघ हलायची थांबली.
कळ आली, चढली, उतरू लागली,
आणि तिच्या मागून, उशिरा,
ठोके खाली: नव्वद.
परत आले, पण दमानं.
पुढच्या कळेलाही तेच.

डाव्या कुशीवर वळवलं, कळांचं औषध बंद केलं.
मग यंत्रावर विसंबायला नको म्हणून
खिशातली लाकडी नळी काढली,
सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून कातून घेतलेली,
लाल-पिवळ्या लाखेची, भोवऱ्यांची थोरली बहीण.
कान टेकला. मोजलं.
लाकूडही तेच म्हणालं.

मठकर डॉक्टर हात धूत होत्या.
बाहेर गुणाजी, बाक रिकामं ठेवून उभा,
तळव्यांना माडाचे घट्टे.
त्याला काय सांगू? आम्ल, क्षार, सात पूर्णांक काही?
म्हटलं, कळ दाबते तेव्हा बाळाचा श्वास अडतो.
एकदा अडला तर निभतं,
पुन्हा पुन्हा अडला की रक्त आंबायला लागतं.
तो बघतच राहिला,
जन्मभर मडकी उतरवलेला माणूस:
उजाडण्याआधी नीरा,
उन्हं आली की माडी,
त्याही पुढे गेली की शिरका.
"आंबता? मगे थांबलात कित्याक? सही खंय करूची?"

तीन एकतीस. मुलगी.
निळसर, गप्प.
पाठ चोळली. मास्कनं पाच श्वास दिले,
सहावा तिनं स्वतःचा घेतला, रागानं.

दोन चिमट्यांमधला नाळेचा तुकडा,
त्यातलं सुईनं ओढलेलं रक्त, सिरिंज बर्फात.
बर्फ बंदरावरचा, बांगड्याच्या वासाचा,
दुसऱ्या पेशंटच्या गाडीतून ओरोसला गेला.
पाचला फोन: सात पूर्णांक शून्य चार,
बेस उणे अकरा.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मी मनात वीस मिनिटं पुढं मोजली
आणि घाईनं मागं आले.
तोवर पोरगी दूध ओढत होती,
तिला आकड्याचं काही नव्हतं.

साडेसहाला गुणाजी,
हातात केळीच्या पानानं तोंड बांधलेला तांब्या.
"सिस्टर, सात वाजाच्या आत घेवा. मगे माका सांगू नकात."
घेतली. गोड, गार, मडक्यातल्या चुन्याचा जरा वास.

हा कागद टिकत नाही.
उन्हानं पुसट होतो, दोन-तीन वर्षांत कोरा.
झेरॉक्सवाला नऊला दुकान उघडतो.
तोवर पट्टी लाकडी नळीला गुंडाळून
मी रबर लावून ठेवली.