उशीचा अभ्रा

निशाण खात्याने द्यायचं होतं, दिलं नाही.
आईने उशीचा अभ्रा काढून काठीला बांधला,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेली आबोली,
केशरी दोरा संपला होता म्हणून निळी,
आणि निळाही संपला म्हणून अर्धी.

मुक्तीला बारा वर्षं झाली होती, मला सतरा.
नेवऱ्याच्या वायंगणाला तुडतुडे लागले
आणि दाभोळीहून, जुवारी ओलांडून, विमान यायचं ठरलं.
माझं काम सोपं. मेरेवर उभं राहायचं,
काठी हलवायची,
विमान डोक्यावरून गेलं की वीस पावलं डावीकडे,
पुन्हा हलवायची.
दिवसाला चार रुपये.
नाकावर बांधायचं फडकं आपापलं.

पहिल्या फेरीला मी चिखलात आडवा झालो.
दुसरीला वाकलो.
सातवीला ताठ उभा राहून औषध अंगावर घेतलं,
रॉकेलची थोरली बहीण असावी असा वास,
आणि वैमानिकाचा हातमोजा पाहिला. पिवळा.

आठव्या फेरीला आवाजच आला नाही.

यंत्र बंद पडतं तेव्हा काहीतरी मोठं होत असेल
असं मला वाटायचं.
झालं एवढंच, की पाटातलं पाणी ऐकू आलं.
पलीकडच्या कुणग्यात रुझारिन खोकली, तेही.
आणि पंखांच्या तारांमधून
चहाच्या किटलीसारखी शिटी.
पंख्याचं एक पातं सरळ वर थांबलं होतं,
उत्तर येणाऱ्या मुलाने हात वर करावा तसं.

कुणग्यात अकराजणी निंदणीला वाकलेल्या.
त्यांनी मान वर केली, पण पाय चिखलात.
मी बातीच्या मिठागराच्या दिशेने पळालो,
अभ्रा डोक्यावर गरगरवत, ओरडत,
"हांगा! हांगा यो!"
जणू विमानाला कोकणी येत होती.

तेव्हा त्याने पोट उघडलं.
उरलेलं सगळं औषध एकदम, पांढुरकं,
मानशीच्या पोंयीत ओतलं गेलं,
आणि हलकं झालेलं विमान
बांधावरच्या माडांना न शिवता, पण शिवल्यासारखं,
पलीकडे उतरलं.
पहिलं आगर. दुसरं. तिसऱ्याच्या वरंब्यात चाक अडकून
शेपूट आभाळात, नाक मिठाच्या राशीत.

कॅप्टन केर्सी पट्ट्याला उलटे लोंबकळत होते.
मिठकार इनासने कोयत्याने पट्टा कापला.
त्यांनी पाणी मागितलं, इनासने उराक दिली,
तिसऱ्या घोटाला त्यांच्या लक्षात आलं.
मग विचारलं, "त्या तळ्यात कोणी होतं?"
कोणी नाही, आम्ही सगळे म्हणालो.

सकाळी पोंय पांढरी झाली होती.
शेवटे, थिगुर, बोटभर पिल्लं, सगळ्यांची पोटं वर.
मानशीची पावणी त्या वर्षी पेद्रूने घेतलेली,
तो बांधावर बसून नुसती दाढी खाजवत राहिला.
खात्याने विमानाचे भाग नेले, मिठाची भरपाई दिली.
नुस्त्याचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता.

गावाने मला खांद्यावर घेतलं.
पोराने निशाण दाखवलं म्हणून अकराजणी वाचल्या.
कॅप्टन दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी विचारलं,
तुम्ही माझं निशाण बघून वळलात ना?
ते प्रामाणिक माणूस. म्हणाले,
"कसलं निशाण? मी मीठ पाहिलं, बाबा.
मीठ असतं तिथे जमीन सपाट असते."

हे मी कोणाला सांगितलं नाही.
पन्नास वर्षं गाव गोष्ट सांगतं, मी ऐकून घेतो.
एकदाच, रुझारिनने भर चवाठ्यावर विचारलं,
"आनी नुस्त्यांक कोणें निशाण दाखयलें?"
आणि पाटली उचलून निघून गेली.

आईने अभ्रा सात वेळा धुतला,
राख, रिठे, शेवटी सोडा.
मग पुन्हा उशीला घातला, कारण दुसरा नव्हता.
मी त्याच्यावर झोपायचो
उताणा, नाक शक्य तितकं वर धरून.