आटपाडीत खारं पाणी

तुतीकोरीनहून सामान आलं तेव्हा ट्रकातून
भट्टीच्या मुशी उतरल्या, मिक्सर, कपाट
आणि जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले सात दगड.
हमाल म्हणाला, वहिनी, आटपाडीला दगड आणलेत तुम्ही?
पैसे मोजताना मलाही हसू आलं.

अमलोरच्या परसातल्या भिंतीचे ते.
तिच्या पणज्याच्या काळी घरंसुद्धा समुद्रातूनच निघायची,
प्रवाळाचे चिरे, शिंपल्यांचा चुना.
भिंत पाडली त्या दिवशी म्हणाली, घेऊन जा.
तमिळमध्ये म्हणाली.
मराठीत मला तेवढं हळू बोलता येत नाही.

दीड महिना बादलीत भिजवले, दात घासायच्या ब्रशने घासले.
भोकाभोकातून चुना निघत राहिला,
एकातून केसांची पिन.

डाळिंबाच्या क्रेटच्या खोलीत, लोखंडी घोडीवर
तीन फुटी काचेची टाकी.
एक बादली शुद्ध पाणी निघताना तीन वाया जातात,
त्या तिन्ही मी शेवग्याला घातल्या,
कारण मामांजी दारात उभे होते.
मग लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ,
आणि ते घरात कुणाला सांगितलं नाही.

पहिल्यांदा मी दगड मागच्या काचेला टेकवून रचले,
फडताळात डबे रचतात तसे.
रात्री दोनला धाडकन आवाज.
काच वाचली.

सकाळी मामांजींनी बाह्या सारल्या.
बहात्तर साली पोरवयात ताली घातलेला माणूस,
पायाच्या अंगठ्याचं नख तेव्हाच गेलेलं.
दगड हातात घेऊन फिरवला, परत फिरवला.
"दगडाला तोंड असतंय. आधी त्ये हुडक.
ह्यो बसणारा. ह्यो टेकणारा.
आन् ह्यो नुस्ताच बघणारा, ह्येला वर ठीव."
एकेक दगड बसत गेला, न हलता,
जणू भिंतीतली जुनी शेजारीण ओळखून.

मग ते सांधीत कपच्या ठोकायला लागले.
मी म्हटलं, मामांजी, फटी राहू देत,
पाणी आरपार फिरलं पाहिजे.
कोपरापर्यंत पाण्यात बुडालेला हात थांबला.
"जल्मभर पानी आडवलं म्या."
बराच वेळ तसेच.
मग एकेक कपची काढून माझ्या तळहातावर ठेवली,
बोट चाटलं,
"आळणी न्हाई," म्हणाले, आणि चहा मागितला.

पुण्याहून ओल्या वर्तमानपत्रात एक तुकडा आला,
मुठीएवढा, जिवंत, वासाचा.
तो मधोमध ठेवला, सायीखाली विरजण ठेवतात तसा.
आता नुसतं थांबायचं.
काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचे:
हिरवा, मग जांभळा, मग परत हिरवा.
पाण्याला कुबट वास सुटला, काचेवर तपकिरी साय धरली.
जाऊबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या,
यापेक्षा म्हैस घेतली असती.
तुतीकोरीनहून ह्यांचा फोन, भट्टीच्या आवाजात:
मासे सोडले का?
नाही, म्हटलं. दगड लागायचेत अजून.

त्र्याहत्तराव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात
पिन निघालेल्या दगडाच्या कुशीला
नखाएवढा गुलाबी डाग दिसला.
पुसून पाहिला. जाईना.

त्याच रात्री लाईट गेली.
अंधारात टाकीतून आवाज आला,
टक्.
कडी वाजवावी तसा, पण आतून.
कोण होतं त्या तुकड्यात, कुठल्या फटीत शिरलं होतं,
मला अजून माहीत नाही.
"कोन हाय?" म्हणत मामांजी उठून आले.
मी बोट ओठांवर धरलं.
ते काचेला कान लावून वाकले,
रानातल्या पायपात पाणी आलं का
ऐकतात तसे,
तोंड थोडं उघडं ठेवून.